बटर पेपर मेण सोडतो, चिकटतो, सुरकुततो: स्वयंपाकघरातील कागद हस्तकलेत वापरताना येणाऱ्या अडचणी आणि उपाय

गणपतीच्या आराशीचे दिवस आले किंवा दिवाळीच्या आकाशकंदिलांची तयारी सुरू झाली की नाशिकमध्ये घरी हस्तकला करणाऱ्यांच्या काही तक्रारी दरवर्षी ठरलेल्या असतात. इस्त्री फिरवताच कापडावर तेलकट डाग उमटला. फेव्हिकॉल लावून वाळत ठेवलेले फूल खालच्या कागदालाच धरून बसले. रात्री चिकटवलेली कंदिलाची पाकळी सकाळी कामटीवरून अलगद सुटून आली. कोणता कागद वापरला, असे विचारले तर तिन्ही वेळा उत्तर एकच मिळते: बटर पेपर. मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली आणि मखराचे बरेचसे काम कागदाकडे वळले, तेव्हापासून या तक्रारी अधिकच ऐकू येऊ लागल्या आहेत. माझ्या अनुभवाप्रमाणे यांपैकी बहुतेक अडचणींचे मूळ कागदावरच्या लेपात असते, आणि तो लेप काम सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटांत ओळखता येतो.

मेन रोड आणि रविवार कारंजा परिसरात बटर पेपर मागितला तर दुकानागणिक वेगळा कागद हातात पडू शकतो. स्टेशनरीवाले बहुधा ट्रेसिंगचा अर्धपारदर्शक कागद देतात. पॅकिंगचे सामान विकणाऱ्यांकडे खाऊ गुंडाळण्याचा कागद मिळतो. तो कधी मेणाचा असतो, तर कधी कोणताही लेप नसलेला. केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानात सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागद मिळतो. दिसायला हे सारे एकमेकांचे भाऊ वाटतात, पण उष्णता, पाणी आणि गोंद यांच्याशी प्रत्येकाचे वागणे वेगळे असते. लेप नसलेला कागद तेलाला अडवतो, कारण त्याचा लगदा खूप कुटून तंतूंमधील छिद्रे जवळजवळ बंद केलेली असतात. पाण्याने मात्र तो फुगतो. मेणाच्या कागदावरचे पॅराफिन पाण्याला अडवते, पण साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते. सिलिकॉनचा कागद ओव्हनमध्ये सुमारे 220 अंशांपर्यंत टिकतो, आणि त्याला जवळजवळ काहीही चिकटत नाही. त्याची खरी मर्यादा पाकिटावर छापलेली असते आणि तीच प्रमाण मानावी.

लेप ओळखण्याची पद्धत

कागदाचा तळहाताएवढा तुकडा घ्यावा आणि त्यावर नखाने जोर देऊन एक रेघ ओढावी. मेणाचा कागद असेल तर रेघ पांढुरकी उमटते आणि नखाखाली मेणाचा बारीक कीस जमतो. नंतर सेलोटेपची छोटी पट्टी अंगठ्याने दाबून चिकटवावी आणि सावकाश उचलावी. सिलिकॉनच्या कागदावरून ती काहीच प्रतिकार न होता सुटते. मेणाच्या कागदावर ती थोडी धरते, पण सुटल्यावर तिच्या चिकट बाजूवर धुरकट थर दिसतो आणि तीच पट्टी दुसरीकडे नीट चिकटत नाही. लेप नसलेल्या कागदावर पट्टी घट्ट बसते आणि ओढल्यास वरचे तंतू उपसून आणते. शंका उरलीच तर पाण्याचा एक थेंब टाकून थोडा वेळ थांबावे, म्हणजे लेप नसलेला कागद थेंबाखाली फुगून वर आलेला दिसेल. काही कागदांना एकाच बाजूला लेप असतो, म्हणून प्रत्येक चाचणी दोन्ही बाजूंनी करावी. ओळख पटली की गुंडाळीच्या आतल्या बाजूला पेनने नाव लिहून ठेवावे. एकदा वेष्टन फेकले गेले की महिन्याभराने पुन्हा तोच घोळ होतो.

इस्त्रीखाली मेण सुटणे

तोरणावर किंवा उशीच्या अभ्र्यावर फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने वितळून दोन कापडे चिकटवणारा गोंदाचा पातळ थर, लावून कापडाची नक्षी चिकटवताना इस्त्रीला गोंद लागू नये म्हणून वर कागद ठेवण्याची पद्धत योग्यच आहे, पण तो कागद सिलिकॉनचाच असला पाहिजे. इस्त्रीवरील एक ठिपका म्हणजे सुमारे 110 अंश, दोन म्हणजे 150 आणि तीन म्हणजे 200 अंश असे ढोबळ गणित धरले, तर अगदी मंद इस्त्रीसुद्धा मेण वितळवायला पुरून उरते. त्यामुळे मंद इस्त्रीवर मेणाचा कागद चालेल हा समज सोडून द्यावा. ट्रेसिंगचा कागद वितळत नाही, पण वितळलेला फ्यूजिंगचा गोंद त्याला पकडतो आणि कागद सोलताना नक्षीच्या कडा उचकटतात.

कापडावर मेण उतरलेच असेल तर ते गरम असताना पुसू नये, कारण पुसल्याने डाग पसरतो आणि धाग्यांत आणखी खोल जातो. कापड थोडा वेळ गार होऊ द्यावे, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचा खडा घेऊन डागावर ठेवावा. मेण कडक झाले की ते चमच्याच्या दांड्याने किंवा बोथट सुरीने खरवडून काढावे. मग डागाच्या खाली आणि वर स्वयंपाकघरातील टिश्यूचे दोन-दोन पदर ठेवून मंद ते मध्यम इस्त्री काही क्षण दाबावी. मेण टिश्यूमध्ये शोषले जाते आणि टिश्यूवर पारदर्शक ठिपका दिसतो. दर वेळी टिश्यूचा कोरा भाग डागावर आणत हे पुन्हा करावे आणि टिश्यूवर ठिपका उमटेनासा झाला की थांबावे. टिश्यूऐवजी छापील रद्दी वापरू नये, कारण तिची शाई फिकट कापडावर उतरू शकते. सुती कापड यानंतर गरम पाण्यात साबण लावून धुतले की उरलेला तेलकटपणा जातो. येवल्याच्या पैठणीचा तुकडा किंवा कोणतेही रेशीम असेल तर इस्त्री सर्वांत मंद ठेवावी, वर सुती फडके घ्यावे आणि पाण्याचा प्रयोग घरी न करता काम ड्रायक्लीनिंगवाल्याकडे द्यावे. इस्त्रीच्या तळाला लागलेल्या मेणासाठी इस्त्री थोडी तापवावी, प्लग काढावा आणि जुन्या सुती कापडाच्या जाड घडीने तळ पुसावा. तळाला वाफेची छिद्रे असतील तर पुढच्या वापरापूर्वी एखाद्या जुन्या फडक्यावर वाफ सोडून पाहावी, म्हणजे आत शिरलेले मेण चांगल्या कपड्यावर येणार नाही.

मेणाच्या कागदाचा हाच गुण एका कामात फार उपयोगी पडतो. वाळलेली पाने किंवा पाकळ्या दोन मेणाच्या कागदांमध्ये ठेवून, वर आणि खाली सुती फडके घेऊन मंद इस्त्री फिरवली की मेण वितळून दोन्ही कागद एकजीव होतात आणि पान आत बंदिस्त होते. येथे पुन्हा पुन्हा येणारी अडचण म्हणजे पानाभोवती पांढरे बुडबुडे दिसणे आणि काही आठवड्यांनी पान काळे पडणे. पानात ओल राहिली की असे होते. इस्त्रीने त्या ओलीची वाफ होते, ती कागद उचलून धरते आणि उरलेली ओल आत कोंडली जाते. पिंपळाचे किंवा बोगनवेलीचे पान जाड पुस्तकात रद्दीच्या घड्यांमध्ये दाबून ठेवावे, सुरुवातीला रोज रद्दी बदलावी आणि पान वाकवल्यावर कुरकुरीत लागले तरच ते मेणात घ्यावे.

वाळत ठेवलेली वस्तू खालच्या कागदाला चिकटणे

फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद त्यातील पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो आणि कागदाच्या तंतूंमध्ये शिरून पकड घेतो. लेप नसलेल्या बटर पेपरचे तंतू कितीही दाटवलेले असले तरी शेवटी ते तंतूच आहेत, त्यामुळे दोऱ्याचा गोळा किंवा लगद्याची वाटी त्यावर ठेवली की ती चिकटणारच. खाली सिलिकॉनचा कागद घ्यावा. तो नसेल तर दुधाची जाड पिशवी कापून, धुऊन, पुसून पसरावी. पॉलिथिनलाही हा गोंद धरत नाही.

खाली योग्य कागद असूनही काही वेळा दुसरी तक्रार येते: वस्तू वरून वाळलेली दिसते, पण तळाशी गोंद पांढराच राहतो. सिलिकॉन किंवा प्लास्टिकमधून पाणी बाहेर जात नसल्याने तळाच्या गोंदाला वाळायला वाटच मिळत नाही, आणि श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत तर हे काम दिवसभर रेंगाळते. वरचा थर धरला की वस्तू उलटी करावी आणि भाकरीच्या किंवा केकच्या जाळीवर ठेवून पंखा लावावा. वस्तू आधीच चिकटून बसली असेल तर ती ओढू नये. कागदाच्या मागच्या बाजूने ओले फडके काही मिनिटे ठेवावे, कागद भिजला की बोटाच्या टोकाने चोळावे, म्हणजे तो वळकट्या होऊन निघतो. वस्तूच्या पोटात पाणी जाणार नाही एवढेच फडके ओले असावे. गोंद पाण्यात टिकणाऱ्या प्रकारचा असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा बारीक पॉलिश पेपरने कागद घासून काढणे एवढाच मार्ग उरतो.

कंदिलाच्या पाकळ्या सुटणे आणि सुरकुतणे

या विषयावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण सर्वांत जास्त कष्ट येथेच वाया जातात. सिलिकॉनचा कागद सुंदर दुधी दिसतो, दिव्याचा प्रकाश मऊ करतो आणि स्वयंपाकघरात आयता मिळतो, म्हणून अनेक जण त्याच्याच पाकळ्या कापतात. त्याला फेव्हिकॉल, फेव्हिस्टिक, दुहेरी टेप किंवा ग्लू गन यांपैकी काहीही टिकून धरत नाही. गोंद जास्त लावला, वर वजन ठेवले किंवा कागद खरवडला तरी फारसा फरक पडत नाही, म्हणून त्या प्रयत्नांत वेळ घालवू नये. कागद कापून झालेलाच असेल तर पाकळीच्या कडेला कार्डशीटची पट्टी दोन्ही बाजूंनी घेऊन स्टेपल करावी किंवा दोऱ्याने टाके घालावेत आणि पुढची चिकटवाचिकटव कार्डशीटवर करावी. जलरंग या कागदावर थेंब-थेंब होऊन गोळा होतात आणि ॲक्रिलिक रंग वाळल्यावर पापुद्र्यासारखा निघतो. तो पापुद्रा मात्र जपून ठेवावा: ॲक्रिलिकचा जाडसर थर सिलिकॉनच्या कागदावर देऊन पूर्ण वाळवला आणि सोलून घेतला की त्याची फुले-पाने कापून दुसऱ्या कामावर चिकटवता येतात. ग्लू गनने याच कागदावर काढलेली जाळीची नक्षीही गार झाल्यावर अखंड उचलता येते.

कंदिलासाठी खरा योग्य कागद म्हणजे लेप नसलेला ट्रेसिंगचा किंवा पतंगी कागद. येवल्याची संक्रांत पतंगांसाठी प्रसिद्ध आहे आणि पतंगी कागदाची सवय या जिल्ह्यातील हातांना पूर्वीपासून आहे. त्यातही ट्रेसिंगचा कागद टिकाऊ असतो, पण पाण्याच्या बाबतीत फार हळवा असतो. गोंदाची ओल लागताच त्याला लाटा येतात. कागदाचे तंतू ओले झाल्यावर लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र वाढतात. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक पसरतो आणि दोन शेजारच्या पाकळ्यांत तंतूंची दिशा वेगळी असेल तर एक ताणली जाते व दुसरी ढिली पडते. ही दिशा शोधण्यासाठी कागदाचा लहानसा चौकोन कापून त्याची एकच बाजू ओलसर फडक्याने पुसावी. चौकोन लगेच वळून नळी होऊ लागतो, आणि ती नळी ज्या दिशेने लांब दिसते तीच तंतूंची दिशा. सर्व पाकळ्यांत ही दिशा उभी, म्हणजे लांब कामटीला समांतर ठेवून कापणी करावी.

गोंदात पाणी मिसळू नये. ब्रशने सपाट लेप देण्याऐवजी कामटीवर बारीक रेघ ओढावी, बोटाने पुसून पातळ करावी आणि ती चिकट होईपर्यंत थोडे थांबून मग कागद टेकवावा. गोंद कागदावर न लावता कामटीवर लावणे हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी बदल आहे. पतंगी कागद मैद्याच्या खळीने लावायचा असेल तर खळ घट्ट शिजवावी. तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे; मोरचूद विषारी असल्याने मुले हाताळणार असतील तर ते टाळावे आणि खळ रोजची रोज करावी. चारही कडा पूर्ण वाळल्यानंतर कागद थोडा ढिला दिसला तर फवारणीच्या बाटलीने पाण्याचा अगदी सूक्ष्म तुषार दुरून मारावा आणि कंदील सावलीत वाळू द्यावा. वाळताना कागद आकसतो आणि ताणून बसतो. कामट्या फार बारीक असतील तर याच ताणाने सांगाडा वाकडा होऊ शकतो, म्हणून आधी एका पाकळीवर करून पाहावे.

आत पणती किंवा मेणबत्ती ठेवू नये, आणि मेणाचा कागद असेल तर त्याचा विचारसुद्धा करू नये, कारण मेण ही ज्योतीची खाद्यवस्तूच आहे. कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा आणि तो कोणत्याही कागदाला टेकणार नाही असा मधोमध टांगावा.

भरतकामाचा खाका नीट न उतरणे

ब्लाउजवर आरीकाम करणाऱ्या अनेक जणी बटर पेपरवर नक्षी काढून, तिच्या रेघांवर सुईने जवळजवळ भोके पाडून खाका तयार करतात आणि रॉकेलमध्ये कालवलेली झिंक पावडर किंवा नीळ कापसाच्या बोळ्याने त्यावर फिरवतात. पेन्सिल उमटत नसेल तर कागदाला लेप आहे हे नक्की समजावे आणि तो बदलावा. खाक्याच्या रेघा पसरत असतील तर बहुधा मिश्रण पातळ झालेले असते. बोळा दाबल्यावर थेंब गळू नये इतके ते दाट हवे. भोके पाडल्यावर कागदाच्या मागे जे बारीक खडे कंगोरे उठतात ते पॉलिश पेपरने हलकेच घासून टाकावेत. ते तसेच राहिले तर भोके पुन्हा मिटतात आणि रेघ तुटक येते. रॉकेल वापरताना खिडकी उघडी आणि गॅस बंद असावा.

टिश्यू फाटणे आणि लगदा न होणे

स्वयंपाकघरातील टिश्यूची गुंडाळी लगद्यासाठी घेतली तर ती भिजवूनही गोळे-गोळेच राहते. ओल्या ओट्यावर पुसताना कागद विरघळू नये म्हणून त्यात ओलेपणी बळकटी देणारी राळ घातलेली असते, त्यामुळे हा त्या कागदाचा दोष मानता येत नाही. लगद्यासाठी अंड्यांचे ट्रे किंवा वर्तमानपत्र घ्यावे. टिश्यू वरच्या पोताच्या थरासाठी राखावा, तिथे तो ओला असूनही फाटत नाही.

नक्षीदार नॅपकिन बरणीवर किंवा लाकडी ट्रेवर चिकटवताना सुरकुत्या पडतात, ही तक्रार वेगळी. नॅपकिनला दोन किंवा तीन पदर असतात. कोपरा बोटांत चुरगाळून ते सुटे करावेत आणि छापील पदर तेवढाच घ्यावा. लाकडावर पांढऱ्या गोंदाचा पातळ थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा, त्यावर नॅपकिन कोराच पसरावा, वर सिलिकॉनचा कागद ठेवावा आणि मध्यम इस्त्री मधून कडांकडे दाबत न्यावी. उष्णतेने वाळलेला गोंद पुन्हा मऊ होतो आणि नॅपकिन पकडतो. पाणी मध्ये आलेच नाही, तर सुरकुतीही येत नाही. काचेच्या बरणीवर इस्त्री वापरू नये.

फॉइल

ॲल्युमिनियमच्या फॉइलची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मळकट असते, कारण शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकत्र घालतात आणि आतल्या बाजू रुळाला लागत नाहीत. चिकटवण्याच्या दृष्टीने दोन्ही बाजू सारख्याच आहेत. पांढऱ्या गोंदाला येथे शिरायला तंतू नसल्याने तो खपलीसारखा सुटतो. फॉइल स्पिरिटने पुसून, बारीक पॉलिश पेपरने हलके घासून, दोन्ही पृष्ठभागांना लावून थोडे वाळवायचा रबरी गोंद किंवा दुहेरी टेप वापरावा. रंग द्यायचा असेल तर आधी प्राइमरचा हात द्यावा.

मखराच्या मागे चमक यावी म्हणून फॉइल लावून त्यावरच लायटिंगच्या माळा सोडल्या जातात, ते मात्र धोक्याचे आहे. फॉइलमधून वीज वाहते. माळेचा एखादा जोड उघडा असेल किंवा होल्डरची तार सोललेली असेल तर पूर्ण पाठभिंतीत प्रवाह उतरू शकतो. फॉइल आणि माळ यांच्यात कार्डबोर्डचा थर ठेवावा, सर्व जोड इन्सुलेशन टेपने बंद करावेत, आणि माळ फॉइलला पिनांनी टोचून न लावता दोऱ्याने लाकडी चौकटीला बांधावी.